ग्वाल्हेरच्या हवामानात हीट पंप : हवेचा घ्यावा की जमिनीचा?

ओसरी (ग्वाल्हेर)

सर्वांना नमस्कार. लष्कर भागातील आमच्या संस्थेच्या जुन्या दगडी वाड्याचे नूतनीकरण सुरू झाले आहे. वाड्यात साठ विद्यार्थ्यांचे वसतिगृह, एक वाचनालय आणि एक सभागृह आहे. आजवर उन्हाळ्यात कूलर आणि हिवाळ्यात तेलाचे हीटर यांवर भागवले. पण मे-जूनमध्ये पारा ४५ अंशांवर जातो आणि जानेवारीच्या धुक्यात रात्री ६-७ अंशांपर्यंत उतरतो, त्यामुळे दोन्ही ऋतूंसाठी एकच व्यवस्था असावी असे बांधकाम समितीचे मत पडले. आलेल्या प्रस्तावांपैकी एकात हवेशी उष्णतेची देवाणघेवाण करणारे हीट पंप आहेत, म्हणजे आपल्या ओळखीचे हॉट अँड कोल्ड इन्व्हर्टर एसी. दुसऱ्यात अंगणात आणि मागच्या परसात १०० मीटर खोलीचे वीस बोअर घेऊन त्यांत एचडीपीई प्लास्टिकच्या नळ्या सोडायच्या आणि त्यांतून पाणी फिरवून जमिनीशी देवाणघेवाण करायची, असे आहे. दुसरा प्रस्ताव देणाऱ्यांचे म्हणणे असे की, जमिनीचे तापमान बारमाही स्थिर असते, म्हणून वीज निम्मी लागेल. समितीतील ज्येष्ठांना हे पटले आहे, कारण विहिरीचे पाणी उन्हाळ्यात गार आणि थंडीत कोमट लागते हे प्रत्येकाने अनुभवले आहे. पैसा देणगीदारांचा आहे, त्यामुळे निर्णय पूर्ण समजून घ्यावा अशी माझी इच्छा आहे. थंडाव्याची कमाल गरज २० टनांची, म्हणजे सुमारे ७० किलोवॅटची, काढली आहे. जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

थर्मामीटर (ग्वाल्हेर)

ओसरी, प्रश्न नेमका मांडल्याबद्दल आभार. वातानुकूलनाच्या कामात माझी बरीच वर्षे गेली आहेत, म्हणून थोडे मुळापासून लिहितो.

हीट पंप उष्णता निर्माण करत नाही, ती एका जागेहून उचलून दुसऱ्या जागी नेतो. कॉम्प्रेसरला किती वीज लागेल हे त्या दोन जागांच्या तापमानातील अंतरावर ठरते. कॉइलमधील वायू ८ अंशांना उकळतो असे धरा. बाहेर ४५ अंश असताना तोच वायू पुन्हा द्रवरूप होण्यासाठी सुमारे ५७ अंशांपर्यंत चढवावा लागतो. हे ४९ अंशांचे अंतर झाले आणि कार्नोच्या नियमाने (म्हणजे तापमानांवरून ठरणाऱ्या सैद्धांतिक मर्यादेने) आदर्श सीओपी, म्हणजे एक युनिट विजेमागे हलवल्या जाणाऱ्या उष्णतेचा आकडा, ५.७ येतो. बाहेर ३५ अंश असतील तर तो ७.२ होतो. बाहेरच्या हवेऐवजी जमिनीतून आलेले ३२ अंशांचे पाणी मिळाले, तर वायू ३८ अंशांनाच द्रवरूप होतो आणि आदर्श आकडा ९.४ वर जातो. प्रत्यक्ष यंत्रे आदर्शाच्या निम्म्याच्या आसपास पोहोचतात, म्हणजे अनुक्रमे २.९, ३.६ आणि ४.७. मेमधील दुपारी तीनची वेळ घेतली तर भूस्रोत पंप (जमिनीशी देवाणघेवाण करणारा) हवास्रोतापेक्षा (हवेशी करणाऱ्यापेक्षा) दीडपटीहून चांगला ठरतो, हे निर्विवाद आहे, आणि तुम्हाला मिळालेला 'वीज निम्मी' हा दावा याच तासावर उभा आहे.

परंतु वर्षात असे तास थोडे असतात. वसतिगृहाच्या खोल्यांत एसी मुख्यतः रात्री चालणार. मे महिन्यात मध्यरात्रीनंतर बाहेरची हवा ३० अंशांच्या जवळ येते. जुलै ते सप्टेंबरमध्ये तर ती बहुतेक वेळ २६ ते ३३ अंशांत असते, आणि तोपर्यंत सबंध उन्हाळ्याची उष्णता पोटात घेतलेल्या बोअरमधून येणारे पाणीसुद्धा ३२-३४ अंशांचे झालेले असते. त्या तीन महिन्यांत जमिनीचा फायदा जवळपास संपतो, काही रात्री तो उलटाही होतो, आणि पाणी फिरवणाऱ्या पंपाची वीज वेगळी लागते. खरा फायदा एप्रिल ते जूनच्या दुपारचा, तोही वाचनालय आणि सभागृहापुरता.

हिवाळ्याचे गणित आणखी सोपे आहे. युरोपात हवास्रोत पंपाला नावे ठेवतात ती उणे दहा-पंधरा अंशांच्या थंडीमुळे. आपली ६-७ अंशांची रात्र म्हणजे त्यांच्याकडची हवास्रोत पंपाच्या चाचणीची प्रमाण स्थितीच आहे, कारण तिकडे ७ अंशांनाच यंत्राचा सीओपी मोजतात. समजा तुमच्या वाड्याला थंडीभर १२,००० युनिटांइतकी उष्णता लागते. तेलाच्या हीटरला तितकीच, म्हणजे १२,००० युनिट वीज लागेल. ३.५ सीओपीच्या हवास्रोत पंपाला सुमारे ३,४०० लागेल आणि ५ सीओपीच्या भूस्रोत पंपाला २,४००. हीटर सोडून कोणताही हीट पंप घेतला की साडेआठ हजार युनिट वाचतात. त्यापुढे जमिनीत उतरल्यावर आणखी एक हजार वाचतात. पहिली बचत मोठी आणि स्वस्त आहे, दुसरी लहान आणि फार महाग.

काळी माती (इंदूर)

थर्मामीटर यांच्या विवेचनात भूगर्भाच्या बाजूने भर घालतो.

जमिनीचे तापमान 'बारमाही स्थिर' असते हे विधान खोलीचा उल्लेख केल्याशिवाय अपुरे आहे. साधारण मातीत ऋतूंची लाट सुमारे सव्वादोन मीटरांवर जवळजवळ एक-तृतीयांश उरते आणि तिथे ती दोन महिने उशिराने पोहोचते. सहा-सात मीटरांखाली ती पाच टक्क्यांवर येते, आणि तिथून पुढे तापमान त्या गावच्या हवेच्या वार्षिक सरासरीच्या थोडे वर स्थिरावते. ग्वाल्हेर काय किंवा आमचे इंदूर काय, ते २६-२७ अंशांच्या आसपास धरावे. स्वीडनमध्ये हाच आकडा दहाच्या आत असतो. तिथे उन्हाळ्यात बोअरमधील पाणी कॉम्प्रेसर न लावता नुसते खोलीत फिरवले तरी थंडावा मिळतो. २७ अंशांच्या पाण्याने आपल्याकडे ते होणार नाही.

आडव्या नळ्या अंगणात दीड-दोन मीटरांवर पुरण्याचा स्वस्त पर्यायही काही जण सुचवतात. माळव्यात तरी त्याच्या वाटेस जाऊ नये. आमच्या काळ्या मातीला वैशाखात मनगट आत जाईल एवढ्या भेगा पडतात. पावसात फुगलेली माती सुकून आक्रसते, नळीपासून सुटते आणि मध्ये हवेची पोकळी राहते. हवा उष्णतेची दुर्वाहक असल्यामुळे ज्या महिन्यात गारवा सर्वाधिक हवा, नेमक्या त्याच महिन्यात जमीन नळीला धरून नसते. खाली मुरूम आणि मग बेसॉल्टचा थर लागला की उभ्या बोअरला हा त्रास नाही, पण बेसॉल्टची उष्णतावाहकता मध्यमच आहे. ग्वाल्हेरची बाजू याबाबतीत उजवी ठरू शकते. तुमच्या किल्ल्याची टेकडी वालुकाश्माची आहे, आणि घट्ट वालुकाश्म बेसॉल्टपेक्षा उष्णता चांगली वाहतो. मात्र वाड्याखाली वालुकाश्म लागतो, शेल (चिखलापासून बनलेला पापुद्र्यांचा खडक) लागतो की नदीनाल्यांचा गाळ लागतो, हे बोअर घेतल्याशिवाय कळणार नाही. त्यासाठी एका बोअरमध्ये नळी टाकून ४८ ते ७२ तास ठरावीक उष्णता सोडतात आणि जाणाऱ्या-येणाऱ्या पाण्याचे तापमान नोंदतात. या चाचणीशिवाय वीस बोअरचा आकडा कोणी सांगत असेल, तर तो अंदाजच समजावा.

आणखी एक व्यावहारिक सूचना. मध्य प्रदेशात पेयजल परिरक्षण अधिनियम, १९८६ अन्वये जिल्हाधिकारी उन्हाळ्यात नलकूप खोदण्यावर बंदी घालू शकतात आणि टंचाईच्या वर्षी घालतातही. तुमच्या बोअरमधून पाणी उपसायचे नाही हे खरे असले, तरी खोदाईचे यंत्र दारात उभे करण्यापूर्वी लेखी परवानगी घेऊन ठेवावी.

ओसरी (ग्वाल्हेर)

दोघांचेही मनापासून आभार. उष्णतेचा प्रवाह मी आजवर या अंगाने पाहिला नव्हता. एक शंका आहे. उन्हाळ्यात आपण जमिनीत उष्णता सोडणार आणि हिवाळ्यात तीच परत घेणार, तर जमीन साठवणीसारखी वापरली जाईल, असे प्रस्तावात म्हटले आहे. हे तत्त्व मला पटते. आपल्याकडे ते कितपत लागू होते?

थर्मामीटर (ग्वाल्हेर)

तत्त्व बरोबर आहे, आणि माझ्या मते सगळा निर्णय याच प्रश्नावर अवलंबून आहे, म्हणून आकडे मांडून दाखवतो.

तुमची ७० किलोवॅटची यंत्रणा वर्षात १,२०० तास पूर्ण भाराने चालल्याइतकी वापरली गेली, तर इमारतीतून ८४,००० युनिट उष्णता बाहेर काढली जाईल. कॉम्प्रेसरची वीजही शेवटी उष्णताच होते. सीओपी ४ धरला तर तिचे २१,००० युनिट मिळवून जमिनीत वर्षाला १,०५,००० युनिट जातील. आता परत किती येतील ते पाहू. हिवाळ्यातील १२,००० युनिट उष्णतेपैकी जमिनीतून उचललेला भाग सुमारे ९,५०० युनिट. साठ मुलांना रोज माणशी ३० लिटर ऊन पाणी लागते असे धरले आणि ते पाणी १८ अंशांवरून ४५ अंशांवर न्यायचे म्हटले, तर दिवसाला ५६-५७ युनिट लागतात. थंडीच्या पाच महिन्यांचे ते साडेआठ हजार होतात आणि त्यातले सहा हजार जमिनीकडून घेता येतील. एकूण परतफेड साडेपंधरा हजारांची झाली. भरलेल्या सात भागांपैकी जेमतेम एक भाग बाहेर आला. कणगीत सहा पायली जास्तीचे दर वर्षी पडत राहिले, तर ती कधीतरी काठोकाठ भरणारच.

राहिलेल्या सुमारे ९०,००० युनिटांचे काय होते? वीस बोअर एकमेकांपासून सहा मीटरांवर आणि शंभर मीटर खोल असतील, तर त्यांनी व्यापलेला खडक ७२,००० घनमीटर भरतो. एक घनमीटर खडक एक अंशाने तापवायला साधारण २.२ मेगाज्यूल लागतात. त्या हिशेबाने सगळा खडक एक अंशाने तापवण्यास ४४,००० युनिट पुरतात. उष्णता कोठेही निसटली नाही असे धरले, तर जमीन वर्षाला दोन अंशांनी तापत जाईल. प्रत्यक्षात ती कडेने पसरते, भूजल वाहते असेल तर त्याबरोबर जाते, म्हणून वाढ यापेक्षा कमी होईल. तरीही दिशा एकच राहते. पहिल्या वर्षी २७ अंशांवर असलेली जमीन दहाव्या वर्षी तितकीच राहील, असे प्रस्ताव देणाऱ्याने लेखी द्यावे आणि त्यामागचे वर्षानुवर्षांचे गणितही जोडावे, एवढी मागणी समितीने जरूर करावी. ही मागणी रास्त आहे, त्या क्षेत्रात काम करणारे प्रामाणिक अभियंते हे गणित मागितल्याशिवायही देतात.

आता पैशांकडे येतो. ८४,००० युनिट थंडावा हवास्रोत पंपाने सरासरी सीओपी ४ ने दिला, तर २१,००० युनिट वीज लागते. भूस्रोत पंपाने, पाण्याच्या पंपासह, सरासरी ५ ने दिला, तर १६,८०० युनिट. फरक ४,२०० युनिटांचा. आठ रुपये दराने वर्षाला ३३,६०० रुपये वाचले. दोन हजार मीटर खोदाई, नळी आणि बेंटोनाइट या चिकणमातीची भराई यांना मीटरमागे केवळ एक हजार रुपये धरले तरी वीस लाख होतात. फक्त थंडाव्याच्या बचतीतून ते फिटायला साठ वर्षे लागतील. हिवाळ्यातले हजार युनिट आणि गरम पाण्याची थोडी बचत मिळवली, तरी पन्नास वर्षांच्या खाली फारसे येत नाही. नळी तेवढी टिकेलही, पण यंत्र त्या काळात दोन-तीनदा बदलावे लागेल.

विश्वामित्री (वडोदरा)

चर्चा फार चांगल्या वळणावर आहे. मी अनेक वर्षे दुग्धप्रक्रियेच्या प्रकल्पांत बाष्प आणि शीतकरण विभाग सांभाळले आहेत, म्हणून एक वेगळा पैलू मांडतो.

हीट पंपाचा इतिहास पाहिला की कोणते यंत्र कोठे शोभते ते समजते. १८५६ च्या सुमारास ऑस्ट्रियात पेटर फॉन रिटिंगर यांनी एबेन्सेच्या मिठागरात खारे पाणी आटवण्यासाठी हीट पंप उभारला. निघालेली वाफ दाबून तिचीच उष्णता पुन्हा वापरण्याची ती युक्ती होती. जमिनीतून उष्णता घेण्याचे पेटंट १९१२ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये हाइनरिश त्सोली यांनी घेतले आणि १९३८ मध्ये झुरिकच्या नगरभवनाला लिमाट नदीच्या पाण्यावर ऊब मिळू लागली. ही सगळी थंड मुलखाची कामे आहेत. तिथे वर्षातले सहा-आठ महिने जमिनीतून किंवा नदीतून उष्णता उचलायची असते आणि उन्हाळा त्या जागेची भरपाई आपोआप करतो. आपल्याकडे नेमके उलटे आहे. आमच्या वडोदऱ्यात तर खोल्या गरम करण्याचा प्रश्नच येत नाही. इथे जमीन केवळ उष्णता टाकण्याची जागा होईल आणि परत घेणारे कोणी नसेल.

म्हणून माझा आग्रह असा की, उष्णता टाकायला जागा शोधण्यापूर्वी ती ज्याला हवी आहे असा कोणी त्याच छताखाली आहे का, ते पाहावे. डेअरीत एकीकडे दूध ४ अंशांपर्यंत गार करायचे असते आणि दुसरीकडे टाक्या धुण्यासाठी कढत पाणी लागते. एकच यंत्र दोन्ही कामे करते, त्याची गार बाजूही कामाची आणि गरम बाजूही कामाची. तिथे बोअरही लागत नाही आणि पंखाही फारसा लागत नाही. वसतिगृहात अशी जोडी जमेल का, याचा विचार व्हावा.

शिवाय वाड्यात जुनी विहीर असेल, तर तिचे पाणी थेट यंत्रातून फिरवून पुन्हा जमिनीत सोडण्याचा मोहही होईल. तुमच्या २० टनांसाठी पाच अंशांच्या फरकाने तासाला पंधरा हजार लिटर पाणी लागेल. एवढे पाणी विहीर जूनमध्ये देईल का, आणि सोडलेले पाणी तीच विहीर परत घेईल का, या दोन्ही प्रश्नांची उत्तरे होकारार्थी असतील तरच पुढे जावे. जड पाण्याचे क्षार यंत्रातील अरुंद वाटांत बसतात, तो खर्च आणखी वेगळा.

नकाशा (इंदूर)

मी वास्तुरचनाकार आहे. तिन्ही तज्ज्ञांनी लिहिलेले वाचून एका गोष्टीची आठवण करून द्यावीशी वाटते. २० टनांचा आकडा छत तसेच ठेवून काढला आहे का? जुन्या वाड्याच्या जाड दगडी भिंती दुपार सहज पेलतात, खरी आग गच्चीतून उतरते. गच्चीवर उष्णतारोधक थर आणि त्यावर पांढऱ्या चिनीमातीच्या तुकड्यांचा कोबा केला, झरोक्यांना बाहेरून छज्जे किंवा चिका (बांबूचे पडदे) लावल्या, तर टनांचा आकडा आधी खाली येईल आणि मगच कोणते यंत्र घ्यायचे ही चर्चा खऱ्या अर्थाने सुरू होईल.

जमिनीचा गारवा यंत्राशिवाय घेण्याची परंपरा आपल्याकडे आहेच. मांडूला चंपा बावडीला लागून असलेली तळघरे उन्हाळ्यासाठीच होती. आधुनिक उदाहरण द्यायचे तर गुरुग्रामजवळ ग्वाल पहाडी येथील टेरी या ऊर्जा संशोधन संस्थेच्या संकुलात चार मीटर खोलीवर पुरलेल्या बोगद्यांतून हवा फिरवून खोल्यांत सोडली आहे. पण माझ्या अनुभवाप्रमाणे ही पद्धत पावसाळ्यात तोकडी पडते. तेव्हा बाहेरच्या हवेचा दवबिंदूच (ज्या तापमानाला हवेतील बाष्पाचे पाणी होऊ लागते) २५ अंशांच्या जवळ असतो. २७ अंशांच्या बोगद्यातून गेलेली हवा ओलीच राहते आणि घाम वाळत नाही. पुस्तके असलेल्या वाचनालयात तर ती मुळीच सोडू नये.

काळी माती (इंदूर)

नकाशा यांच्याशी पूर्ण सहमत. मात्र भूस्रोत पंपाची बाजू मांडणारे कोणीच नाही, म्हणून दोन मुद्दे न्यायाने नोंदवतो. एक, कमाल विजेची मागणी. ४५ अंशांच्या दुपारी ७० किलोवॅट थंडाव्यासाठी हवास्रोत यंत्रांना २४ किलोवॅट वीज लागेल, तर भूस्रोत यंत्राला पाण्याच्या पंपासह १६-१७. मंजूर भार कमी ठेवता येतो आणि शहराच्या वीजजाळ्यावर सर्वांत कठीण तासात ताण कमी पडतो. दोन, दर्शनी भाग. कोरीव झरोक्यांच्या दगडी भिंतीवर वीस आउटडोअर युनिटे टांगलेली मला पाहवणार नाहीत. जमिनीतल्या नळ्या कोणाला दिसत नाहीत आणि आवाजही करत नाहीत.

थर्मामीटर (ग्वाल्हेर)

दोन्ही मुद्दे मान्य. दुसऱ्यावर उपाय आहे, तो सविस्तर सांगतो, कारण हवास्रोत यंत्रणा आपल्याकडे बदनाम होते ती बहुतांशी युनिटे चुकीच्या जागी बसवल्यामुळे.

लष्करमधल्या जुन्या इमारतींत दर्शनी भाग वाचवण्यासाठी सगळी युनिटे आतल्या चौकात लावतात. चौक चारही बाजूंनी बंद असतो. एका युनिटाने फेकलेली गरम हवा दुसऱ्याच्या पाठीमागून आत ओढली जाते. भर दुपारी अशा चौकात वरच्या मजल्यावरील युनिटाच्या मागे, पत्र्यापासून वीतभर अंतरावर तापमापक धरला तर रस्त्यावरच्यापेक्षा सहा-सात अंश जास्त दाखवतो. एसीवरचे तारे बीईईच्या (केंद्राच्या ऊर्जा दक्षता ब्यूरोच्या) ज्या गणितातून येतात, त्यात बाहेरचे तापमान २४ ते ४३ अंशांपर्यंतच धरलेले आहे. पन्नाशी ओलांडलेल्या हवेत त्या ताऱ्यांचा उपयोग राहत नाही, यंत्र थंडावा कमी देते, वीज जास्त खाते आणि शेवटी बंद पडते. म्हणून युनिटे गच्चीवर, जमिनीपासून उचललेल्या चौकटींवर, पाठीमागे हातभर आणि पुढे मोकळी जागा ठेवून बसवावीत. त्यांच्यावर सावली असावी, पण ती वरून वारा जाऊ देणारी हवी. रस्त्यावरून ती दिसणार नाहीत. नळ्या जुन्या धुराड्यांतून किंवा पावसाच्या पाण्याच्या वाटेशेजारून खाली आणता येतात. मात्र नळीची लांबी उत्पादकाने दिलेल्या मर्यादेत ठेवावी.

कमाल मागणीच्या मुद्द्यावर आणखी एक पर्याय आहे, पाण्याने थंड होणारे कंडेन्सर (वायू द्रवरूप करणारा भाग) आणि ते पाणी बाष्पीभवनाने गार करणारा कूलिंग टॉवर. आपला उन्हाळा कोरडा आहे. ४५ अंशांच्या दुपारीसुद्धा ओल्या फडक्याच्या तापमापकाचा पारा २२ ते २५ अंशांत राहतो. त्यामुळे टॉवरमधून २८-३० अंशांचे पाणी मिळते. जे तापमान जमिनीतून मिळवायला वीस बोअर लागतात, ते टॉवर एका कोपऱ्यात देतो. किंमत पाण्यात मोजावी लागते. जवळजवळ ८८ किलोवॅट उष्णता बाष्पीभवनाने घालवायची तर तासाला १३० लिटर पाणी उडून जाते, आणि क्षार साचू नयेत म्हणून सोडून द्यावे लागणारे पाणी धरून ते १७० च्या घरात जाते. दहा तासांचे सतराशे लिटर. हे तुमच्या मुलांच्या आंघोळीच्या ऊन पाण्याइतके झाले. तिघरा धरण भरत नाही त्या वर्षी आपल्या शहराला एक दिवसाआड पाणी मिळते, हे लक्षात घेता वसतिगृहाला मी हा सल्ला देणार नाही. सभागृहाला मोठे वाळ्याचे कूलर पुरेत, कारण तिथे कार्यक्रम तासा-दोन तासांचे असतात आणि मे-जूनच्या कोरड्या हवेत त्यांना तोड नाही.

ओसरी (ग्वाल्हेर)

समितीच्या बैठकीत हा सर्व धागा छापून वाचला. गच्चीच्या कोब्याला एकमताने मंजुरी मिळाली, टनांचे गणित त्यानंतर पुन्हा करून घेणार आहोत. भूस्रोताच्या प्रस्तावकांकडे दहा वर्षांच्या तापमानाचे गणित आणि चाचणी बोअरचा खर्च मागितला आहे. दोन शंका उरल्या आहेत. जानेवारीत दिवसदिवस धुके असते. अशा ओल्या थंडीत बाहेरच्या युनिटावर बर्फ धरतो असे कोणीतरी सांगितले. आणि विश्वामित्री यांनी सुचवलेली जोडी वसतिगृहात कशी जमवावी?

थर्मामीटर (ग्वाल्हेर)

बर्फाबद्दल सांगतो. ऊब देताना बाहेरची कॉइल हवेपेक्षा सात-आठ अंशांनी गार असते. बाहेर ५ अंश आणि दाट धुके असेल, तर कॉइल शून्याखाली जाते आणि तिच्यावर दव गोठते. यंत्राला ते कळते, वायूची दिशा उलटवणारी चौमार्गी झडप फिरते आणि काही मिनिटे कॉइल उलट तापवून बर्फ वितळवला जातो. तेवढा वेळ खोलीत ऊब येत नाही आणि युनिटातून वाफ निघताना दिसते. ती पाहून मुले घाबरून यंत्र बंद करतात, म्हणून त्यांना आधीच सांगून ठेवावे. वितळलेले पाणी वाहून जाईल असा उतार चौकटीखाली द्यावा. आपल्याकडे पारा अशा पट्ट्यात राहतो तो पहाटेचे काही तास आणि धुक्याचे मोजके दिवस. एकूण हिशेबात सीओपी थोडा उतरतो, यंत्र निकामी होत नाही.

विश्वामित्री (वडोदरा)

जोडीचे उत्तर तुमच्या स्वयंपाकघरात आहे. साठ मुलांची पोळी-भाजी होते ती जागा थंडीतही २८-३० अंशांवर असते आणि उन्हाळ्यात तिथे उभे राहवत नाही. आंघोळीचे पाणी तापवणारा हवास्रोत हीट पंप गच्चीवर न ठेवता स्वयंपाकघराच्या भिंतीपलीकडे बसवावा आणि त्याला आतली हवा ओढायला द्यावी. पहाटे बाहेर सात अंश असताना त्याला वीस-पंचवीस अंशांची हवा मिळेल, त्यामुळे पाणी कमी विजेत तापेल आणि बर्फाचा प्रश्न मुळातच येणार नाही. मार्च ते ऑक्टोबरमध्ये त्यातून बाहेर पडणारी गार आणि कोरडी हवा डक्टने पोळ्या लाटणाऱ्या बायकांच्या ओट्यापाशी सोडावी. ती सबंध स्वयंपाकघर थंड करणार नाही, पण चुलीसमोर उभ्या असलेल्या माणसाला ती कळेल. डिसेंबर-जानेवारीत एक झडप फिरवून तीच हवा बाहेर काढावी.

काळजी एकाच गोष्टीची घ्यायची आहे. फोडणीची तेलकट वाफ कॉइलच्या पातळ पत्र्यांवर बसली की धूळ चिकटते आणि वर्षभरात यंत्राचा श्वास कोंडतो. म्हणून हवा ओढण्याचे तोंड चुलीच्या वर नको, समोरच्या भिंतीवर असावे, चुलीवरचा धूर वेगळ्या एक्झॉस्टने जावा, आणि तोंडावर धुता येणारी धातूची जाळी बसवून ती दर आठवड्याला गरम पाण्यात सोडा घालून धुण्याचे काम कोणाच्या तरी नावावर लिहून द्यावे. टाकी १,५०० ते २,००० लिटरची, नीट आवरण घातलेली घ्यावी, म्हणजे यंत्र दुपारी, स्वयंपाकघर सर्वांत तापलेले असताना, पाणी तापवून ठेवील आणि पहाटे साठ मुले एकदम उठली तरी पाणी पुरेल.

ओसरी (ग्वाल्हेर)

स्वयंपाकघराची पूर्वेकडील भिंत न्हाणीघरांना लागूनच आहे, त्यामुळे पाण्याची वाटही आखूड राहील. उद्याच मिस्त्रींना त्या भिंतीत डक्टसाठी किती मोठे तोंड काढता येईल, ते पाहायला सांगते. भिंत दोन हात जाडीच्या दगडाची आहे, म्हणून तोंडावर दगडी पाटली टाकावी की लोखंडी चौकट, हे नकाशा यांनी कृपया सांगावे.

नकाशा (इंदूर)

पाटलीच टाका, दोन्ही बाजूंना वीतभर तरी टेकू मिळेल एवढी लांब. चुन्याच्या जुन्या भिंतीत लोखंड ओल धरून फुगते आणि दगड फोडते. आणि तोंड काढण्यापूर्वी वरच्या मजल्याची तुळई नेमकी कोठे टेकली आहे ते आतून ठोकून पाहा. तिच्याखाली मुळीच फोडू नका.